मॅचिंगवाल्या वेणुगोपालांचा उजवा डोळा

बेंगळुरातल्या चिकपेट बाजारात ‘वेणुगोपाल पिस्से कुठं भेटतील’ असं विचारलं तर लोक खांदे उडवतात. ‘मॅचिंग अण्णा’ म्हटलं की मात्र कोपऱ्यावरची फुलवालीसुद्धा हातानं गल्ली दाखवते. साड्यांच्या मोठ्या दुकानांमध्ये दबून बसलेलं ते मॅचिंग सेंटर पुढून अरुंद आणि आत लांबच लांब आहे. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत ब्लाउजपिसांची ठाणं रचलेली. बायका पिशवीतून साडी काढतात, पदराचं टोक काउंटरवर पसरतात, वेणुगोपाल एकदा त्याच्याकडे बघतात आणि उठून एकच ठाण काढून आणतात. ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. आमसुली आणि वांगी, शेवाळी आणि मोरपंखी यांच्या मधल्या ज्या छटांना कुणी नावंच दिलेली नाहीत, त्या त्यांना गल्लीतल्या माणसांसारख्या ओळखीच्या. मिसरूड फुटायच्या वयात ते या काउंटरमागे उभे राहिले, आता साठीला आलेत. मधल्या काळात दुकानाचे मालक वारले, त्यांचा मुलगा रविकिरण गल्ल्यावर बसू लागला, पण काउंटर अण्णांचाच राहिला.

पिस्से घराणं बेंगळुरात कधी आलं, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. कब्बनपेटेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मराठी बोलतात, तीही कन्नडची फोडणी दिलेली. उंबऱ्याबाहेर सगळा कारभार कन्नडमधून. वडील नरसिंगराव शिंपी होते. पन्नाशीनंतर त्यांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. समोरचा टाका त्यांना स्वच्छ दिसायचा, पण शेजारी ठेवलेला कॉफीचा लोटा कोपरानं उडायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. घरचे हसायचे, ते चिडायचे. डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं की काचबिंदू आहे, आतलं प्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं होतं, आणि गेलेली नजर आता परत येणार नाही. शेवटची वर्षं ते ओट्यावर बसून असत. रोज सकाळी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत आणि उजेडाकडे वळवून धरत, जणू आज तरी काटे दिसतील.

हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असल्यामुळंच वेणुगोपाल डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नसत. तपासलंच नाही तर सापडणार कसं, असा त्यांचा मनातल्या मनातला हिशेब होता. धाकटा भाऊ मोहनकुमार होसकोटेला एका कारखान्यात होता, त्याचंही तेच. दोघं भाऊ सणावाराला भेटत, वडिलांच्या शिलाईबद्दल बोलत, डोळ्यांबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत.

अखेर लेकीनं धरलं. मेघाश्री बँकेत नोकरीला, लग्न होऊन यलहंक्याला राहते. एकदा माहेरी आली असताना तिनं बापाला पेपर हात लांब करून वाचताना पाहिलं.

“अप्पा, या चष्म्याला किती वर्षं झाली?”

“चालतोय की अजून.”

“आजोबांचं माहीत असून असं बोलता?”

तिनं तिथंच बसल्या बसल्या एका नेत्र रुग्णालयात वेळ घेऊन टाकली. सुनंदाबाई म्हणाल्या, “जाऊन या सरळ. नुसतं बघतात, खात नाहीत.”

तपासणी साधीच होती. अक्षरं वाचून झाली. मग तिथल्या मुलीनं डोळ्यांत थेंब घातले आणि म्हणाली, “सर, यानं स्वल्प वेळ डोळा बधिर होईल. बाहेर गेल्यावर चोळू नका.” हनुवटी टेकवून ते यंत्रासमोर बसले. निळा उजेड अगदी बुबुळाला येऊन टेकला, पण कळलं काहीच नाही. नंतर बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून डॉक्टरांनी आत वाकून पाहिलं. बाहेर रांग होती, डॉक्टर घाईत होते. “मोतीबिंदू नाही. नंबर बदललाय. प्रेशर किंचित वरच्या बाजूला वाटतंय, घाबरण्यासारखं नाही. पुढच्या वेळी एक सविस्तर तपासणी करून घेऊ.”

पुढचं वेणुगोपालांना नीट ऐकूच आलं नाही. प्रेशर हा शब्द त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या डोळ्यांबद्दल ऐकला होता. पुढची वेळ घ्यायला काउंटरवर थांबायचं होतं, ते थांबले नाहीत. तेवढ्यात रविकिरणचा फोन आला. “अण्णा, लग्नाचा बस्ता आलाय, माणसं मोठी आहेत. तुम्ही नसाल तर बसणार नाहीत.” इस्पितळ दुकानापासून जवळच होतं. रिक्षा करून ते तडक काउंटरवर गेले.

त्या दिवशी त्यांना धड काही दिसत नव्हतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, ट्यूबलाइटचा पांढरा झोत टोचत होता, सगळे रंग धुतल्यासारखे वाटत होते. पाहुण्यांनी साड्यांच्या घड्या एकामागून एक झटकून उघडल्या. जुन्या, नव्या, जरीच्या, आजीच्या पेटीतल्या. वेणुगोपालांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. त्यांनी ते मनगटानं पुसलं, मग सदऱ्याच्या बाहीनं. चोळायचं नाही हे त्या गडबडीत विसरून गेले. दुखत तर काहीच नव्हतं.

दुखायला लागलं संध्याकाळी. पापणी मिटली की आत वाळूचा कण घासल्यासारखं व्हायचं. त्यांनी नळाखाली डोळा धरला, पाण्याचे हबके मारले. जरा वेळ बरं वाटलं, आणि पुन्हा तेच.

“औषधाचं असेल,” सुनंदाबाई म्हणाल्या. “उद्या जाईल.”

उद्या गेलं नाही. परवाही नाही. सकाळी डोळा चिकटलेला, लाल, पापणी जड. सुनंदाबाईंनी धने भिजवून त्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, काकडीच्या चकत्या ठेवल्या. शेजारच्या अक्कांनी गुलाबपाणी पाठवलं. काहीही केलं तरी पापणी लवली की घास, लवली की घास. पापणी दिवसात किती वेळा लवते हे माणसाला एरवी कुठं ठाऊक असतं? वेणुगोपालांना आता प्रत्येक वेळ कळत होती.

“परत दाखवून या की तिथं,” सुनंदाबाई रोज म्हणत.

“जाईन.”

ते गेले नाहीत. प्रेशरची गोष्ट त्यांनी घरी सांगितलीच नव्हती. ‘नंबर बदललाय’ एवढंच सांगितलं होतं. आता त्यांच्या मनानं घेतलं होतं की आतलं प्रेशर वाढत चाललंय, म्हणूनच डोळा टोचतोय, आणि परत गेलो तर या वेळी डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसवतील आणि वडिलांना सांगितलं होतं तेच वाक्य सांगतील. बसमध्ये, दुकानात, जेवताना ते गुपचूप स्वतःची परीक्षा घेऊ लागले. समोर एका जागी नजर लावायची आणि हात बाजूला पसरून बोटं हलवायची. बोटं दिसली की क्षणभर हायसं वाटायचं. मग वाटायचं, काल याहून मागं नेल्यावरही दिसत होती का? सुनंदाबाईंनी एकदा त्यांना असं हात पसरून उभं राहिलेलं पाहिलं आणि विचारलं, “खांदा धरलाय काय?” ते हो म्हणाले.

दुकानात गोष्ट लपली नाही. एका बाईनं पदर पसरला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि साडी मागं ओढली. “अण्णा, तुम्हाला मद्रास आय झालंय. घरी लहान मूल आहे आमच्या.” डोळे येण्याला इथं मद्रास आयच म्हणतात. हा तो आजार नाही, असं वेणुगोपाल सांगू लागले, पण ती निघून गेली होती. रविकिरण वाईट मुलगा नव्हता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “अण्णा, बरं होईपर्यंत स्वल्प वर बसा. गोदामात माल लावायचाच आहे.”

गोदाम म्हणजे माळा. तिथं एक पिवळा दिवा, आणि त्या उजेडात सगळे रंग एकमेकांचे सख्खे भाऊ. वेणुगोपाल दिवसभर गठ्ठे सोडत, ठाणं लावत. खालून नव्या पोराचा आवाज येई, ‘हे बघा मॅडम, हे बघा, हे पण बघा’, आणि त्यांना कळे की तो चुकीचं दाखवतोय. एकदा खाली फारच गर्दी झाली म्हणून रविकिरणनं त्यांना बोलावलं. शेवाळी साडी होती. त्यांनी कापड काढून दिलं, बाई घेऊन गेली आणि संध्याकाळी परत आली. दारातल्या उजेडात तिनं दोन्ही शेजारी धरलं. कापड मोरपंखी होतं. फरक एवढा होता की रविकिरणलाही दिसला. त्यानं बाईला बदलून दिलं. वेणुगोपालांच्या मनात मात्र घरी जाईपर्यंत एकच चाललं होतं. बोटं दिसतात म्हणून काय झालं, रंग चाललेत. हे वडिलांपेक्षाही वेगानं चाललंय, असं त्यांना वाटलं.

अशा मनःस्थितीत त्यांना ते थेंब आठवले. तपासणीच्या वेळी त्या मुलीनं घातलेले. किती शांत झाला होता डोळा. दुकानाजवळच्या औषधवाल्याकडे ते वर्षानुवर्षं जात होते, त्याच्या मुलीच्या लग्नातल्या साड्यांचं मॅचिंग त्यांनीच करून दिलं होतं. त्यांनी त्याला विचारलं, “डोळा बधिर करायचे थेंब मिळतात काय?”

“ते डॉक्टरच घालतात, अण्णा. असे देत नाहीत.”

“डॉक्टरांनीच सांगितलंय.”

आयुष्यात सहसा खोटं न बोलणाऱ्या माणसाचं खोटं लोकांना ओळखू येत नाही. औषधवाल्यानं खालच्या कप्प्यातून एक छोटी बाटली काढून दिली.

पहिला थेंब पडला आणि माळ्यावर उभ्या उभ्या वेणुगोपालांच्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी सुखाचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पापणी लवली आणि कळलं नाही. त्यांनी चहा मागवला, रविकिरणशी दोन शब्द बोलले, घरी जाताना सुनंदाबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. “बरं वाटतंय का?” सुनंदाबाईंनी विचारलं. “जातंय आता,” ते म्हणाले.

पण त्या थेंबाचं सुख लवकर ओसरे, आणि मागं उरे ती टोचणी आधीहून जास्त असे. मग दुसरा थेंब. बाटली सदऱ्याच्या खिशात, आणि हात सारखा खिशाकडे. घरी न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी लावून ते थेंब घालत. हळूहळू उजव्या डोळ्यापुढं धुकं दाटायला लागलं, अंघोळीनंतर आरशावर धरतं तसं. उन्हात डोळा उघडेना. बसचा नंबर दिसेना. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवून कॅलेंडरकडे पाहिलं, तर तारखांच्या जागी नुसते डाग. ते पलंगावर बसले. सुनंदाबाईंनी नेहमीप्रमाणं शेजारच्या स्टुलावर कॉफी ठेवली होती. त्यांनी हात पुढं केला आणि लोटा उडाला.

कॉफी फरशीवर पसरत गेली. वेणुगोपाल त्याकडे बघत राहिले आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले. सुनंदाबाईंनी नवऱ्याला असं कधी पाहिलं नव्हतं, सासऱ्यांच्या तिरडीमागंही नाही.

“काय झालं हो?”

“अण्णांचं झालं तेच,” ते म्हणाले. वडिलांना ते अण्णा म्हणत. “डॉक्टर म्हणाले होते, प्रेशर वाढलंय. मी सांगितलं नाही तुला.”

सुनंदाबाईंनी फडकं घेतलं, फरशी पुसली, हात धुतले.  मग त्यांनी नवऱ्याची चप्पल दारात आणून ठेवली आणि म्हणाल्या, “उठा. रिक्षा बोलावते.”

इस्पितळात त्या दिवशी दुसरीच डॉक्टर होती. संध्या नावाची, नागपूरची, नोकरीसाठी बेंगळुरात येऊन थोडेच दिवस झालेली. कन्नड तिला चार वाक्यांपुरतं येत होतं. नवराबायको आपसांत बोलताना ऐकून तिनं मान वर केली. “तुम्ही मराठी? मग बरंच झालं. बसा काका. कधीपासून आहे हे?”

वेणुगोपाल सांगू लागले. तिनं हनुवटी टेकवायला लावली, यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. मग एक काडी घेऊन तिनं त्यांची वरची पापणी अलगद उलटी केली. “खाली बघा. हलू नका.” कापूस हलकेच टेकल्यासारखं झालं, आणि तिनं काडीचं टोक त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर धरलं. त्यावर केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी चमकत होतं.

“काय काम करता काका तुम्ही?”

“कापडाचं,” सुनंदाबाईंनीच उत्तर दिलं. “जर आहे ती.”

जरीचा तुकडा होता. वरच्या पापणीच्या आत रुतून बसलेला. पापणी लवली की बुबुळावर ओरखडा, लवली की ओरखडा. तपासणीनंतर डोळा बधिर असताना तो आत गेला असणार, आणि चोळल्यामुळं रुतला असणार.

वेणुगोपालांना हसावं की रडावं कळेना. डॉक्टर मात्र हसत नव्हती. “पण काका, एवढ्याशा तुकड्यानं ओरखडे पडतात, असा घाव पडत नाही. बुबुळावरचं कातडं सोलल्यासारखं झालंय. तुम्ही डोळ्यात काय काय घातलंत?”

“धन्याचं पाणी. गुलाबपाणी.”

“अजून?”

हाच प्रश्न कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आला असता तर ते कदाचित ‘काही नाही’ म्हणून मोकळे झाले असते. पण घरच्या भाषेत, लेकीच्या वयाची मुलगी डोळ्याला डोळा भिडवून विचारत होती. त्यांनी खिशातून बाटली काढून तिच्या टेबलावर ठेवली. सुनंदाबाईंनी ती पहिल्यांदाच पाहिली.

संध्यानं बाटली उचलून वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. “दुखणं म्हणजे डोळ्याची हाक असते. तुम्ही ती बंद केलीत, आणि जखम भरायचीही थांबली. अजून आठवडाभर घातले असते तर मी आज हे एवढं शांतपणे बोलत नसते. आता दुखेल. चांगलंच दुखेल. पण बधिर करायचा थेंब पुन्हा नाही.”

“नजर जाणार काय?” त्यांनी विचारलं.

“आज सांगता येत नाही. रोज या. रोज बघू.”

आधीचे दिवस त्यापुढं काहीच नव्हते असे ते दिवस गेले. थेंबांचं पांघरूण निघाल्यावर डोळा पेटल्यासारखा दुखे. गोळी घेऊन ते अंधाऱ्या खोलीत पडून राहत. सुनंदाबाई ठरलेल्या वेळांना औषध घालत, आणि बाटल्या स्वतःजवळ कनवटीला ठेवत. त्यांनी एका शब्दानं रागावून दाखवलं नाही, याचाच वेणुगोपालांना जास्त त्रास झाला. मेघाश्री रजा काढून येऊन राहिली. रोज सकाळी तिघं रिक्षात बसून इस्पितळात जात, संध्या यंत्रातून बघे, आणि ते तिच्या श्वासाकडे कान लावून बसत. बरेच दिवस ती नुसतं “उद्या या” म्हणे. मग एकदा म्हणाली, “भरतंय. कडेनं भरत आलंय.” मेघाश्री बाहेर जाऊन बाकावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

घाव भरला. मध्यभागापासून जरासा बाजूला एक पुसट डाग राहिला, तो राहणारच, असं संध्यानं सांगितलं. त्यामुळं संध्याकाळी गाड्यांचे दिवे त्यांना फुटल्यासारखे, काटेरी दिसतात. रंगांचं तसं बिनसलं नाही. त्या दिवशीचं मोरपंखी दुखऱ्या डोळ्यातल्या पाण्यापायी झालं होतं. रविकिरणनं त्यांना पुन्हा काउंटरवर बसवलं.

प्रेशरचं मात्र बाकी होतं. डोळा पुरता शांत झाल्यावर संध्यानं ती सविस्तर तपासणी केली. अंधाऱ्या खोलीत एका घुमटीत तोंड घालून बसायचं, कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं.  ठिपके येत होते, वेणुगोपाल बटण दाबत होते, आणि मध्ये बराच वेळ काही आलं नाही की त्यांना वाटे, आलाय, मला दिसला नाही.

“ठीक आहे,” संध्या म्हणाली. “दोन्ही डोळ्यांच्या कडा शाबूत आहेत. प्रेशर थोडं वर आहे, ते बघत राहावं लागेल, सहा-सहा महिन्यांनी. काचबिंदू आज तरी नाही.” तिनं जरा थांबून विचारलं, “वडिलांना होता म्हणालात. तुम्हाला भाऊ-बहीण कुणी?”

त्या रविवारी वेणुगोपाल होसकोटेची बस धरून मोहनकुमारकडे गेले. जेवण झालं, पानं झाली, मग त्यांनी विषय काढला. मोहनकुमार उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. “मला काही होत नाही, अण्णा. स्वच्छ दिसतं.” थोरल्या भावालाही तो अण्णाच म्हणे.

“आपल्या अण्णांनासुद्धा टाका स्वच्छ दिसायचा,” वेणुगोपाल म्हणाले.

मोहनकुमारच्या बायकोनं, रूपश्रीनं, आतून येऊन सांगितलं, की हल्ली ते स्कूटर फाटकाला घासतात. फाटक अरुंद आहे म्हणतात. फाटक लग्नापासून तेच आहे.

त्या आठवड्यात दोघं भाऊ इस्पितळात गेले. मोहनकुमार आत घुमटीपाशी बसला असताना वेणुगोपाल बाहेर बाकावर होते. दाराआडून बटणाचा टकटक आवाज येत होता. मध्येच तो बराच वेळ थांबे. बाहेर बसलेल्या माणसाला तो थांबा फार लांब वाटे. संध्यानं दोघांना एकत्रच बोलावून सांगितलं. डाव्या डोळ्याच्या कडेला सुरुवात झालेली आहे. गेलंय ते परत येणार नाही, पण गेलंय फार थोडं. रोज एक थेंब, न चुकता, जन्मभर. मग बाकीचं टिकवता येईल.

बाहेर आल्यावर मोहनकुमारनं औषधाच्या दुकानातून बाटली घेतली, ती हातात फिरवत राहिला.

“मी विसरणार, अण्णा. मला माझा स्वभाव माहीत आहे.”

“सरी, ठीक आहे. मी फोन करतो.”

तेव्हापासून दुकान वाढवून निघताना वेणुगोपाल रोज होसकोटेला फोन लावतात. बोलणं फार नसतं. घातलास काय, असं ते विचारतात, आणि पलीकडून ‘घातला’ येईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी, माणसांच्या धक्क्यांत, ते पाऊल पुढं टाकत नाहीत.